काळ्या डोंगरावर झाडे लाविल्याची बखर

श्री माती प्रसन्न, श्री पाणी प्रसन्न, श्री शेणखताचीही कृपा असावी. शके सतराशे, पुढील दोन आकडे कोळशाच्या धुळीने बुजले ते वाचवत नाहीत, धूम्रलोचन नाम संवत्सरे, ऋतू उन्हाळा, कारण त्या मुलखी बाकीचे ऋतू नावापुरतेच उरले होते, ते साली काळ्या डोंगरावर आधी झाडे लागले आणि मागाहून झाडे लागली, त्याची हकिकत ऐशी जे. त्या राज्यात भूमीखाली कोळसा फार. थोरल्या महाराजांनी तो खणावयास घेतला, आणि वरची माती, मुरूम, दगड जे निघाले ते बेलखेडी नामे गावावर नेऊन टाकिले, आणि गावचे लोक उठवून पलीकडच्या माळावर पत्र्याखाली बसविले, मग ढिगावर ढीग चढून त्याचा डोंगर जाहला. पुढे कोळसा सरला, खणणारे निघून गेले, आणि मागे एक खड्डा व एक डोंगर राहिला. डोंगरावर गवताची काडी नाही. शेळीसुद्धा वर चढून चहूकडे बघे आणि आल्या वाटेने उतरून जाई. मग थोरले महाराज निवर्तले आणि धाकटे महाराज गादीवर आले, ते एके सकाळी विडा चघळीत दरबारी बसून ज्याच्या त्याच्या नेमणुका सांगू लागले. म्हणाले, नाक्यावर मोरे लावा. पुलावर काळे लावा. धान्याच्या कोठारावर कोल्हे लावा. ऐसे सांगता सांगता खिडकीतून काळा डोंगर दृष्टीस पडला, तेव्हा मर्जी किंचित खट्टू होऊन म्हणाले, "आणि त्या डोंगरावर झाडे लावा. अगदीच बोडका दिसतो." इतके बोलून स्वारी भोजनास उठली. समोर विरूपाक्षपंत कारभारी उभे होते, त्यांनी मान लवविली. त्या दरबारचा शिरस्ता ऐसा की महाराजांस एक गोष्ट दोनदा विचारू नये, विचारली तर महाराजांचे बोलणे स्वच्छ नाही ऐसा अर्थ निघतो आणि विचारणाराची पगडी जाते. आणि पंतांचा जन्म धुरकट राजधानीतला, झाड म्हणोन काय पाहिले असेल ते दिवाणखान्यातील गालिच्यावर. मोरे आडनाव, काळे आडनाव, कोल्हे आडनाव, तेव्हा झाडे हेही आडनावच, ऐसा त्यांनी हिशेब केला आणि कामास लागले.

मग पंतांनी मुलखात स्वार सोडिले, की जेथे जेथे झाडे असतील तेथून मुळासकट उचलून आणावे. मुळासकट म्हणजे बायकापोरांसह, हा खुलासा पंतांचा. एके गावी स्वारांनी मुळे नामक कुटुंबासही हात घातला, परंतु ती मंडळी शहाणी, वेळीच हद्द ओलांडून पळाली. त्या धरपकडीत लटारीजी झाडे सापडले, ज्यांच्यामुळे ही बखर लिहिणे पडले. लटारीजी मूळचे बेलखेडीचेच, खाटा विणून पोट भरीत, घरधनीण पूर्वीच वारलेली, मुलगा नाही, एक मुलगी कौतिका म्हणोन, तिच्यावर सारा जीव. कौतिकाचे लग्न डोमाजी कुऱ्हाडे यांचे चिरंजीव सुखरू यांशी ठरले होते. मुलगा गोड, मुलीच्या मनात भरलेला, परंतु डोमाजी हेकट. त्यांनी सांगून धाडले होते की मांडवावर जांभळाच्या ओल्या डहाळ्या पाहिजेत, आमच्या घराण्यात पत्र्याखाली कोणाचे लग्न लागले नाही आणि लागणार नाही. आता त्या मुलखी हिरवे पान औषधाला नाही, आणि सोयऱ्यांच्या गावाहून डहाळी आणावी तर वाटेतल्या उन्हाने ती घरी येईतो चुलीत घालण्याजोगी होई. तरी लटारीजी हट्टाने पुन्हा निघाले, डहाळ्यांस ओले फडके गुंडाळून खांद्यावर घेतल्या आणि लगबगीने येत होते, तोच स्वारांनी अडवून नाव पुसले. हे म्हणाले, लटारी झाडे. स्वारांनी खांद्यावरचा पाला पाहिला, एकमेकांकडे पाहिले, आणि त्यांची खात्रीच पटली. मग घरून कौतिकासही आणिले, बापलेकीस डोंगरावर चढविले आणि इतर सर्व झाडे यांजबरोबर रांगेने उभे केले. ज्याने त्याने जागा निवडावी ऐसी मुभा होती, म्हणोन कोणी कडेला उभा राहिला, कोणी वारा पाहून उभा राहिला. लटारीजींनी नदीचे वळण आणि समोरची टेकडी यांचा मेळ घातला, चार पावले इकडे, दोन पावले तिकडे सरकले आणि एके ठिकाणी पाय रोवून उभे राहिले. त्या जागेखाली, पुष्कळ खोल, त्यांचे अंगण होते, आणि त्या अंगणात पूर्वी जांभूळ होते, त्याच्याच डहाळ्यांचा मांडव त्यांच्या स्वतःच्या लग्नास घातला होता.

आता झाडे यांची निगा कैसी राखावी हे पंतांस ठाऊक नाही, म्हणोन त्यांनी राजवैद्यांस बोलाविले. वैद्यराज फार वृद्ध, तोंडात दात नाही, ते झाडांस म्हणाले की झाड्यांस म्हणाले हे त्यांचे त्यांसच ठाऊक. त्यांनी सांगितले की रोज मुळाशी पाणी द्यावे, शेणखत घालावे, गुरांपासून राखावे, वाळवी लागू नये म्हणोन खालच्या अंगास चुना आणि गेरू फासावा, वेळोवेळी छाटणी करावी, आणि एकाच जातीचे न लाविता सर्व जातींचे मिसळून लावावे, म्हणजे भूमी सुधारते. पंतांनी पुसले, यांस खावयास काय द्यावे? वैद्यराज हसून म्हणाले, यांस खावयास कशाला, ऊन खाऊन राहतात. हे ऐकून पंतांस परम संतोष जाहला, की ऐसी काटकसरी प्रजा आपल्या राज्यात असोन आजवर ठाऊक नव्हती. मग येणेप्रमाणे सर्व सुरू जाहले. सकाळी पखाली येत आणि झाडे यांच्या पायांवर पाणी ओतीत. मग शेणखताच्या गाड्या येत आणि घोट्यापर्यंत खत घालीत. गुडघ्यापर्यंत पाय खाली चुन्याने पांढरे आणि वर गेरूने तांबडे रंगविले. छाटणीस न्हावी येत आणि सरसकट हजामत करीत, त्यात कोणाच्या मिशा गेल्या त्याचे दुःख निराळे. कुणबी, तेली, सुतार, सोनार, ज्या ज्या जातीत झाडे होते ते सारे मिसळून उभे केले, आणि जे जन्मात एका पंक्तीस बसले नव्हते ते आता एका ओळीत उभे राहून एकमेकांच्या पाठीस आलेली खाज खाजवू लागले, कारण स्वतःची जागा सोडण्याची मनाई. दिवस मावळता सारे आडवे होत, ते पंतांस कळविताना पहारेकरी "वाऱ्याने झाडे पडले" ऐसे कळवीत, आणि सकाळी "पुन्हा उभे केले" ऐसे कळवीत. महाराजांच्या मनात काय होते हे डोंगरावर सर्वांस पहिल्याच दुपारी उमगले होते. परंतु सांगणार कोण? सांगावे तर महाराजांचा शब्द आणि पंतांची पगडी, दोहोंपैकी एक खाली पडणार, आणि जे खाली पडेल ते आपल्याच डोक्यावर, हे ओळखोन सारे गप्प उभे राहिले. सरकारातून अन्न नाही, म्हणोन दूरदूरचे सोयरे टोपल्या घेऊन येऊ लागले. कोणी बोरे आणी, कोणी चिंचा, कोणी सीताफळे, कोणी जांभळे, आणि एकाच्या टोपलीतले साऱ्यांच्या हातांत फिरे. खाऊन बिया थुंकाव्या कोठे? जाग्यावरच थुंकाव्या, कारण हलण्याची मनाई.

लटारीजींचे मन मात्र खाण्यात लागेना. मुलीचा मुहूर्त टळत चालला. कौतिका बापाशेजारीच उभी असे, तिचेही पाय चुना गेरूने रंगविलेले, आणि सुखरू कुऱ्हाडे रोज डोंगराखाली येऊन मान वर करून उभा राही, वरून ही बघे, खालून तो बघे, आणि पखालवाले मध्येच पाणी ओतीत. शेवटी लटारीजींनी पंतांस विनंती केली की मुलीचे लग्न करून द्यावयाचे आहे, चार दिवसांची मोकळीक असावी. पंतांनी पुसले, मुलगी लग्नानंतर कोण होणार? हे म्हणाले, कुऱ्हाडे. हे नाव ऐकताच पंत दोन पावले मागे सरले. म्हणाले, "अहो, म्हणजे ही झाडतोड जाहली. आणि तीही कुऱ्हाडे यांचे हातून?" मग त्यांनी थोरल्या महाराजांचा जुना कायदा सांगितला, की या राज्यात एक झाडे तोडेल त्याने दोन लावावे, तेव्हाच तोडण्यास परवानगी. तुम्ही आणखी दोन झाडे आणून उभे करा, मग मुलगी न्या. लटारीजींस दुसरे मूल नाही, आणि मुलखातले एकूण एक झाडे तर डोंगरावर आधीच उभे, दोन नवे आणावे कोठून? ते आपल्या जागी परत उभे राहिले आणि त्यांस फार वाईट वाटले. आजवर डहाळीची चिंता होती, आता डहाळी मिळाली तरी मुलगी सुटत नव्हती, आणि सुखरूने किती दिवस मान वर करून उभे राहावे, त्याच्या मानेसही काही मर्यादा.  कौतिकाने बापाच्या पायांवरचा गेरू पदराने पुसून काढिला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा लाविला गेला.

ऐसे दिवस गेले, पावसाळे आले आणि गेले. पाणी रोज पडत होते, खत पडत होते, बिया पडत होत्या, आणि माणसांच्या पायांखाली माती हळूहळू बसत होती, तिला धरून राहावयास एवढे लोक पूर्वी कधी भेटले नव्हते. मग एके सकाळी लटारीजींनी खाली पाहिले तो त्यांच्या दोन पावलांमध्ये दोन पाने.  पखालवाल्यास म्हणाले, पाणी हळू ओत बाबा. तेच दिवशी पलीकडे कोणाच्या पायाशी बोर उगवली, कोणाच्या पायाशी चिंच, आणि कौतिकाच्या पायाशी करंज, त्याची बी शेणखताच्या गाडीतून आली असावी. लटारीजींचे होते जांभूळ. ते वाढत गेले तसे लटारीजींनी आपली सावली त्यावर धरिली, उन्हाची वेळ झाली की इकडे कलत, वारा आला की तिकडे कलत, आणि पहारेकरी कळवीत की लटारीजी झाडे वाऱ्यावर चांगले डोलतात. जांभूळ गुडघ्यास लागले, मग कमरेस लागले, मग खांद्यास लागले, मग डोक्यावरून गेले, आणि लटारीजी मनातल्या मनात मांडवाच्या डहाळ्या मोजू लागले. इतक्यात बातमी आली की महाराजांची खाशी स्वारी डोंगर पाहावयास येणार. पंत धावत वर आले, चहूकडे पाहिले आणि त्यांचे कपाळ आठ्यांनी भरले. झाडे उत्तम उभे आहेत, परंतु त्यांच्या मुळाशी हे केवढे तण माजले! हुकूम दिला की स्वारी येण्यापूर्वी सारे तण उपटून डोंगर साफ करावा.

विळे खुरपी घेऊन माणसे चढू लागली आणि पहिलीच रांग लटारीजींची. लटारीजींस हलण्याची मनाई. ते मटकन खाली बसले, कारण बसण्याची मनाई कोणी केली नव्हती, आणि जांभळाचा शेंडा वाकवून आपल्या मांडीवर घेतला.

"याले हात नोका लावू, पंत," ते म्हणाले. "हा माहा पोरगा हाय. मांडीवर घेतला म्या याले."

पंत थबकले. मांडीवर घेतला म्हणजे दत्तक, हे कारभारी यांस सांगावे लागत नाही. दत्तक घेतला तर बापाचे आडनाव लागले, आडनाव लागले तर हाही झाडे जाहला, आणि झाडे उपटणे म्हणजे महाराजांची आज्ञा उपटणे. पंत घाम पुसत म्हणाले, दत्तकविधान यथासांग पाहिजे, बारसे पाहिजे, तरच मान्य. मग तेथेच बारसे जाहले. कोणाच्या टोपलीतून हरभरे निघाले, त्यांच्या घुगऱ्या जाहल्या. झाडे घराण्यातील एक म्हातारी आत्या जाहली, ती कानात नाव सांगावयास वाकली तो प्रश्न पडला की याचा कान कोणता. त्यावर बरीच मसलत होऊन वरून तिसरे पान डावा कान ठरला, आणि आत्याने त्यात कुर्र करून जांभूळराव लटारी झाडे ऐसे नाव ठेविले. हे पाहताच कौतिकाच्या पायाशी उगवलेला करंजही लटारीजींनी मांडीवर घेतला, त्याचे नाव करंजोजी ठेविले, आणि मग पंतांकडे वळून शांतपणे म्हणाले, की एक झाडे जाणार त्याबदली दोन झाडे लावले, कायदा पुरा जाहला की नाही ते पाहावे. पंतांनी हिशेबास बोटे मिटली, उघडिली, पुन्हा मिटली, कायदा पुरा भरत होता. परंतु स्वारी येण्यापूर्वी सही करणे त्यांस धोक्याचे वाटले, म्हणोन नंतर बघू म्हणाले. इकडे डोंगरावर एकच गर्दी उसळली. सारे झाडे खाली बसून आपापल्या पायाशी उगवलेले मांडीवर घेऊ लागले, बोरोजी जाहले, चिंचाबाई जाहली, सीताफळराव जाहले, घुगऱ्या कमी पडल्या, आणि खुरपीवाले उपटावयास एकही तण उरले नाही म्हणोन खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी खाशी स्वारी आली. महाराज वर चढून येतात तो डोंगर हिरवा, पानांतून वारा वाहतो, पाखरे बोलतात. महाराजांचा आनंद मावेना. जांभळाच्या सावलीत बसले आणि पुसते जाहले, हे कोणते झाड? पंत लवून म्हणाले, "महाराज, हे जांभूळराव, लटारीजींचे चिरंजीव. पलीकडे चिंचाबाई, नुकतेच बारसे जाहले." महाराजांचे डोळे पाणावले, की आमचा कारभारी झाडांस लेकरांसारख्या हाका मारितो, ऐसी माया आम्ही पाहिली नाही. गळ्यातील कंठा काढून पंतांस देऊ लागले, आणि देता देता त्यांची दृष्टी समोर रांगेने उभ्या मंडळींवर गेली.

"पंत, झाडे फार छान लागली. परंतु ही माणसे अशी उभी का? आणि यांचे पाय का रंगविले?"

महाराजांनी पानांकडे बोट करून झाडे म्हटले आणि झाडे यांकडे बोट करून माणसे म्हटले. तेव्हा पंतांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड पंतांस सोसेना. तोंड चुन्यासारखे पांढरे, कान गेरूसारखे तांबडे, ऐसे तेही वरच्या अंगास रंगल्यासारखे दिसू लागले. सर्व झाडे पंतांकडे बघू लागले. एवढी वर्षे ज्याने पायांवर खत घातले त्याची पगडी आता एका शब्दावर होती, आणि तो शब्द कोणीही बोलू शकत होते. लटारीजींनी कौतिकाकडे पाहिले, पंतांच्या पगडीकडे पाहिले, आणि त्यांस राग येण्याऐवजी दयाच आली. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, आमी झाडायची राखन करतो. पाय रंगवले ते वाळवी लागू नये म्हनून. फक्त माह्या पोरीचं लगन खोळंबलं हाय, तेवढा पंतांचा हुकूम व्हाचा हाय."

महाराज म्हणाले, "एवढेच? पंत, लग्न लावा."

पंतांनी मान लवविली, पाऊल मागे घेतले, मग थांबले. सारा दरबार बघत असता त्यांनी जन्मात न केलेले धाडस केले आणि पुसले, "महाराज, लग्न म्हणजे लग्नच ना?"

मानकऱ्यांनी कानांवर हात ठेविले, की आता पगडी गेली. परंतु महाराज जांभळाच्या सावलीत बसले होते, वारा गार होता, ते हसले आणि लग्नच म्हणाले. मग पंत इतके मोकळे जाहले की त्यांनी त्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट दोनदा पुसावयास आरंभ केला, तो इतका की महाराजांस पुढे त्याचा उबग आला, परंतु ती कथा निराळी.

मग लग्न डोंगरावरच ठरले. डोमाजी कुऱ्हाडे वरात घेऊन आले, त्यांच्या हातातील कुऱ्हाड मात्र पंतांनी जुन्या सवयीने डोंगराखालीच काढून ठेवविली. डहाळ्या तोडावयाच्या तर जांभूळराव हे आता राज्याचे रहिवासी, त्यांस शस्त्र लावणे गुन्हा, म्हणोन लटारीजींनी लेकाचा हात धरावा तसा एकेक फांदीचा शेंडा धरून हातानेच मोडून घेतला, आणि मांडव हिरवा जाहला, देठांतून ओल गळत होती. डोमाजींनी एक पान चुरगळून वास घेतला आणि मांडवात जाऊन बसले. मंगलाष्टके जाहली, आणि मग भटजींनी पुकारा केला की कानपिळीस नवरीचा भाऊ यावा. आता पंचाईत आली, कारण कौतिकास भाऊ नाही. लटारीजी म्हणाले, हाय की. सुखरू नवरदेव समजूतदार, तो आपण होऊन उठला, जांभूळराव यांजपाशी गेला, मान वाकवून कान फांदीजवळ नेला, आणि वाऱ्याने फांदी हलली ती कानास जोराने घासली. नवरदेव ओय म्हणाला. इतका हशा पिकला की डोमाजीही हसले. कौतिका हसता हसता रडू लागली आणि भावाच्या बुंध्यास मिठी मारून उभी राहिली, तिला सोडवावयास वेळ लागला. मग बापाचे पाय धरून ती डोंगर उतरली, तेव्हा लटारीजींचे पाय अजून चुना गेरूने रंगलेलेच होते, त्यांवर तिच्या डोळ्यांतले पाणी पडून दोन रेघा उमटल्या.

मग पंतांनी हुकूम दिला की प्रत्येक झाडे यांजबदली त्यांचे दत्तक डोंगरावर उभे आहेत, तेव्हा जुने झाडे मोकळे, ज्याने त्याने आपल्या घरी जावे. पाय धुऊन, टोपल्या उचलून, एकमेकांस मिठ्या मारून सारे उतरले, कुणबी तेल्याकडे जेवावयास गेला, सोनार सुताराकडे. लटारीजी मात्र जागचे हलले नाहीत. पंत जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, की लटारीजी, तुमचे माझ्यावर उपकार आहेत, आता उभे राहू नका, घरी जा. आणि नव्या सवयीप्रमाणे दोनदा म्हणाले, घरी जा.

लटारीजी जांभळाच्या बुंध्यास पाठ टेकवून खाली बसले, पाय पसरले आणि म्हणाले, "मी घरीच त हाओ, पंत."

येणेप्रमाणे काळा डोंगर हिरवा जाहला. महाराजांचा शब्द खरा जाहला आणि पंतांची चूकही फळास आली. पुढे जांभूळराव यांस जांभळे धरली, ती येत्याजात्याने खावी आणि बिया डोंगरावरच थुंकाव्या ऐसा शिरस्ता पडला, तो अद्याप चालतो. कौतिका दरसाल माहेरपणास येते ती भावाच्याच सावलीत उतरते. लिहिणाराने जांभळे स्वतः खाल्ली आहेत, जीभ अजून जांभळी आहे, ज्यास ही हकिकत खोटी वाटेल त्याने येऊन जीभ पाहावी. लेखनसीमा.